बत्तीघर

माझी नोकरी आधी माझ्या नवऱ्याची होती. तो चंद्रपूरजवळच्या एका कोळशाच्या खदानीत खाली काम करायचा. एका सकाळच्या पाळीत छताचा तुकडा सुटला आणि तो त्याखाली सापडला. सोबतचे बाकीचे वाचले. नियमाप्रमाणं घरातल्या एकाला त्याच्या जागी कामावर घेतलं, आणि ती मी.

हे नव्वदच्या दशकातलं. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती.

त्या दिवसातलं माझ्याजवळ थोडंच उरलं आहे. मी तांदूळ निवडत बसले होते. जीप दारापुढं थांबली, उतरलेल्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी सुपातले तांदूळ डब्यात ओतले, झाकण लावलं, चप्पल घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले. झाकण नीट बसलं आहे की नाही हे बघायला मी दारातून परत आत गेले होते, एवढं पक्कं आठवतं. दवाखान्यात त्याचा चेहरा धुतलेला होता. कानाच्या मागं कोळसा राहिला होता. मी पदरानं तो पुसला आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

मी रडले नाही. शेजारणींनी मला हलवलं, पाणी दिलं, एकीनं माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. मला त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं, कारण त्या मेहनत घेत होत्या आणि माझ्याकडून काही निघत नव्हतं.

सासू गावाहून दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आली. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. तिचं गाव मार्कंड्याच्या जवळ, वैनगंगेच्या काठावर. धानाची चार लहान शेतं, एक धाकटा मुलगा, आणि हा थोरला खदानीत लागलेला. ती आली, त्याच्या पायाशी बसली, त्याच्या पायाची बोटं एकेक करून सरळ केली. तीही रडली नाही. भंतेजींनी वंदना म्हटली तेव्हा ती सगळ्यांबरोबर स्पष्ट आवाजात म्हणत होती. मागं कोणी तरी बोललं, "दोघी सासवा-सुना कशा बसल्या आहेत पाहा."

जलदानाच्या विधीच्या दिवशी, पाहुणे जेवून उठल्यावर, नोकरीचा विषय निघाला. नोकरी धाकट्या दिराला जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मीही. तो बाप्या माणूस, मॅट्रिक झालेला, गावात शेतीवर भागत नव्हतं. त्यानं कागदपत्रांची पिशवी सोबत आणली होती.

मामी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "नोकरी हिची."

दीर हसला. "माय, बाईमाणूस खदानीत का करन?"

"जे भेटन ते करन. पोरगी हिची आहे. तिले कोण पोसन?"

"मी नाई का पाहणार? मी परका हावो का?"

"तू पाह्यशीन. तुही बायको नाई पाह्यनार." असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. दिराची बायको दारातच उभी होती. दीर पिशवी उचलून त्याच दिवशी निघून गेला. मामीनं जायची तयारी केली नाही. तिची कापडी पिशवी खुंटीला लटकत होती ती तशीच राहिली. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नाही.

बायकांना खाली पाठवत नव्हते. मी बारावी शिकलेली, म्हणून मला वाटलं ऑफिसात बसवतील. पण मला बत्तीघरात दिलं. खदानीच्या तोंडाजवळ एक लांब खोली, तिला सगळे बत्तीघर म्हणत. खाली जाणारा प्रत्येक माणूस आधी तिथल्या खिडकीवर यायचा, आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि त्याच नंबरची बत्ती घ्यायचा. बत्ती म्हणजे टोपीला लावायचा दिवा. त्याची वायर पाठीवरून खाली कमरेच्या पट्ट्यातल्या बॅटरीच्या डब्यात जायची. वर आल्यावर बत्ती परत, बिल्ला परत. कोणाचे बिल्ले फळीवर लटकले आहेत ते पाहून खाली कोण आहे ते कळायचं. खोलीत रांगांनी लोखंडी चौकटी, त्यात बत्त्या चार्ज व्हायला लावलेल्या, आणि सगळीकडे तेजाबाचा, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडचा, आंबट वास.

तिथले प्रमुख एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. शहरात त्यांच्या भावांचं घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दुसऱ्या रांगेपाशी नेलं.

"बेटी, ये बत्ती त्याची होती," ते म्हणाले. "काच बदलली, वायर नवी लावली. दुसऱ्या कोणी बोलण्यापेक्षा मीच सांगून देतो. इथून हटवून टाकू का?"

मी पाहिलं. काळा डबा, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर. बाकीच्या डब्यांसारखाच.

"नको," मी म्हटलं. मला खरंच काही वाटलं नव्हतं. मग चाचांनी मला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कसा धरायचा ते दाखवलं.

काम सोपं होतं आणि मला ते बरं पडलं. बत्त्या घ्यायच्या, पुसायच्या, चौकटीला लावायच्या, पाणी कमी असेल तर भरायचं. पहिल्या महिन्यात माझ्या सगळ्या सुती साड्यांना भोकं पडली. तेजाब दिसत नाही. साडी धुतली की भोक उघडतं. एकदा माझ्या मनगटावर थेंब उडाले. चाचांनी माझा हात ओढून नळाखाली धरला तेव्हा मला कळलं. ते ओरडले, "जळत नाही का तुमाले?" जळत असणार. डाग अजून आहे.

त्या काळच्या बत्तीच्या डब्यात दोन सेल असत, एकामागं एक जोडलेले, दोन दोन व्होल्टचे. मिळून चार. चाचांनी मला शिकवलेली पहिली खरी गोष्ट म्हणजे या चारवर विश्वास ठेवायचा नाही. चार्जवरून नुकत्याच काढलेल्या बत्तीला मीटर लावला की आकडा बरोबर येतो. पण एक सेल चांगला आणि एक हलका असू शकतो. बत्ती पेटवून टेबलावर ठेवायची, थोडा वेळ जळू द्यायची आणि मग प्रत्येक सेल वेगळा मोजायचा. जो हलका असेल तो आधी खाली येतो. माणूस पाळीच्या मध्यात असताना त्याची बत्ती पिवळी पडते आणि त्याला दुसऱ्याच्या उजेडात वर यावं लागतं.

"मग त्या हलक्या सेलचं काय करायचं?"

"त्याले एकट्यालेच चार्ज लावायचं. धीमे-धीमे. चांगला आहे त्याले बाजूला ठेवायचं, नाई तं तो जास्त भरून उकळते."

काही सेल वर येत. काही येत नसत, त्यांची शिशाची पाटी गळून तळाला बसलेली असायची. ते डबे भंगारात जात.

माझ्या नवऱ्याचा नंबर काही महिने कोणाला दिला नव्हता. मग एक नवीन माणूस आला, सिरोंच्याकडचा. मराठी बोलायचा पण मध्येच तेलुगू यायची. ती बत्ती कोणाची होती ते कोणी तरी मागून त्याला सांगितलं असावं. तो दुसऱ्या दिवशी खिडकीशी आला आणि बिल्ला हातातच धरून उभा राहिला.

"बाई, मी दुसरा नंबर घेतो. साहेबाला विचारतो."

"कशाला?"

मागं रांग थांबली होती. मी म्हटलं, "बत्ती आहे. घ्या." त्यानं घेतली.

घरी मामी आणि मी फारसं बोलत नव्हतो. मी पाळीवरून यायची, ती भात टाकून ठेवायची, मुलगी अभ्यास करायची. रेडिओ लावायचो नाही, लावायला हरकत नव्हती. मामी सकाळी उठून अंगण झाडायची, मग शेजारचंही झाडायची. कॉलनीतल्या बायकांकडून तिला सगळं कळत असे. एकदा जेवताना तिनं विचारलं, "त्याची बत्ती अजून खाली जाते म्हणते?"

"हो."

"कोण नेते?"

"एक नवीन माणूस आहे. सिरोंच्याकडचा."

दुसऱ्या दिवशी मी चप्पल काढत होते तेव्हा तिनं विचारलं, "आला का तो वर?"

"कोण?"

"बत्तीवाला."

"आला."

तेव्हापासून ती रोज विचारायची. मी पाळी संपवून आले की पाण्याचा पेला द्यायची आणि विचारायची. मी आला म्हणायची. ती मान हलवायची आणि चुलीकडे वळायची. मला या विचारण्याचा त्रास होत नव्हता आणि आधारही वाटत नव्हता. दूधवाल्याला रोज किती दूध ते सांगतात तसं मी सांगायची.

मग त्या बत्तीची तक्रार आली. दोन दिवस लागोपाठ ती पाळी संपायच्या आधी पिवळी पडली. सिरोंच्याचा माणूस मोठ्या अदबीनं बोलत होता, जणू चूक त्याचीच होती.

"बदलून द्या ना बाई दुसरी. ही थकली."

चाचा त्या आठवड्यात सुट्टीवर होते, पुतणीचं लग्न होतं. मी त्याला जादाची बत्ती दिली आणि ही टेबलावर घेतली. पेटवून ठेवली. सुरुवातीला आकडा चारच्या वर होता. मी बाकीची कामं करत राहिले आणि अधूनमधून येऊन मोजत राहिले. एक सेल जागचा हलत नव्हता. दुसरा हळूहळू उतरत होता. नंतर एकदम कोसळला आणि बत्ती लाल झाली.

भंगारात टाकायला हरकत नव्हती, डबा तसा जुनाच होता. मी तो टाकला नाही. का, ते मला सांगता येणार नाही. आठवण म्हणून ठेवला असं कोणी म्हटलं तर ते खोटं होईल. मला त्याची आठवण तशी येतच नव्हती. मी पाणी भरलं, हलक्या सेलला एकट्याला अगदी कमी करंट लावला आणि ठेवून दिलं. सकाळी पुन्हा पेटवली, पुन्हा उतरवली, पुन्हा एकट्याला लावली. चाचा परत येईपर्यंत दोन्ही सेल बरोबरीनं उतरायला लागले होते. चाचांनी स्वतः मोजलं, काचेच्या नळीनं तेजाबाची घनता पाहिली आणि म्हणाले, "चालते अजून एक साल." बत्ती पुन्हा खाली जायला लागली.

हे मी मामीला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, जेवताना बोलायला काही नव्हतं म्हणून असेल. ती म्हणाली, "मले पाहू दे ते."

"काय?"

"बत्ती. दुपारी येते ना तो वर? मी येतो तिथी."

ती खरंच आली. पाळी सुटायच्या वेळेला, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, पायात चप्पल नाही. फाटकावरच्या माणसाला तिनं काय सांगितलं देव जाणे, त्यानं सोडलं. ती खिडकीच्या बाजूला सावलीत उभी राहिली. माणसं वर आली, काळी तोंडं, बत्त्या काढत, बिल्ले घेत. सिरोंच्याचा माणूस आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. त्याला कळलं. खिडकीत ठेवायच्या ऐवजी त्यानं पट्ट्यातून डबा सोडवला आणि दोन्ही हातांनी तिच्याकडे केला.

"घ्या अम्मा."

मामीनं तो घेतला. जड होता, तिचे हात खाली गेले. तिनं तो पोटाशी धरला, वरून हात फिरवला, नंबरावरून बोट फिरवलं. तिला आकडे वाचता येत नव्हते.

"ऊन लागते," ती म्हणाली.

"पाळीभर जळते ना अम्मा. आणि कमरेला असते. गरम राहते."

"दुखते का कमर?"

"सवय होते."

ती थोडा वेळ उभी राहिली. मागच्या लोकांनी बत्त्या दुसऱ्या खिडकीवर द्यायला सुरुवात केली होती, कोणी घाई केली नाही. मग तिनं डबा माझ्या हातात दिला. "लाव याले," ती म्हणाली, आणि त्या माणसाला विचारलं, "तुही माय हाये का?" तो हो म्हणाला. ती चालायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात तो आठवडाभर आला नाही. बिल्ला फळीवर नव्हता, बत्ती चौकटीला लागून होती. मी घरी गेले की मामी विचारायची आणि मी नाही म्हणायची. तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही. मी तिला सांगितलं, तो कामावरच नाही, खाली गेलाच नाही, मग काळजी कशाची? "हाव," ती म्हणाली, पण ताट तसंच ठेवलं. नंतर कळलं, त्याला मलेरिया झाला होता आणि तो गावाला गेला होता. तिकडचे रस्ते बंद होते म्हणून निरोप आला नव्हता. तो परत आला, वाळून गेलेला. त्या संध्याकाळी मी सांगितलं, "आला." मामीनं पेला माझ्या हातात दिला आणि तशीच जमिनीवर बसली.

काही वर्षांनी त्याची बदली उघड्या खदानीत झाली. तिथं सगळं काम वर, आकाशाखाली, मोठ्या यंत्रांनी. टोपीला बत्ती लागत नाही. त्यानं मला सांगितलं, आणि मी मामीला.

"म्हणजे वर आहे तो आता? उजेडात?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. मला मात्र काही दिवस पेला हातात घेतला की थांबायला व्हायचं.

चाचा निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला त्यांचा मीटर दिला. तो त्यांचा स्वतःचा होता, कंपनीचा नव्हता. मुलगी दहावी झाली, मग बारावी. दोन हजार सालाला बरीच वर्षं उलटल्यावर नव्या बत्त्या आल्या. मुठीएवढ्या, हलक्या, पांढऱ्या उजेडाच्या. त्यात लिथियमचे सेल होते, पाणी नाही, तेजाब नाही, वास नाही. जुने डबे ट्रकमध्ये भरून लिलावाला गेले. मी तो नंबर जाताना पाहिला नाही. पाहायचं ठरवलं असतं तर पाहता आला असता. घरी सांगितलं तेव्हा मामीनं विचारलं, "सगळ्या नेल्या का?" मी हो म्हटलं. ती मुलीचे केस विंचरत होती, विंचरत राहिली.

नव्या बत्त्यांचं बत्तीघरात फारसं काम नव्हतं. चौकटीला लावायच्या आणि हिरवा दिवा लागला की काढायच्या. मला विजेच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथं पाहणीला न्यायचे मोठे दिवे दुरुस्तीला येत. हे हातात धरायचे दिवे होते, आणि त्यांच्या पॅकमध्ये लिथियमचे चार सेल एकामागं एक जोडलेले असत. त्यातला एक दिवा भरला आहे असं दाखवायचा आणि खाली गेल्यावर अचानक बंद पडायचा. पिवळा पडून सूचना द्यायचा नाही, सरळ अंधार. मोजणीवाल्या लोकांनी तो परत आणून टेबलावर आपटला.

दिवे पुरवणाऱ्यांचा एक माणूस हैदराबादहून यायचा. हसतमुख, सतत पान खाणारा. त्यानं पॅक उघडून माझ्यासमोर ठेवला.

"बहनजी, तुम्ही लेडवाल्या, शिशाच्या बॅटरीवाल्या आहात ना? मग समजेल. फक्त हे तसे नाहीत, यांना जास्त भरलं तर उकळत नाहीत, पेटतात."

त्यानं समजावलं. प्रत्येक सेलला वरची एक हद्द आहे, चार पूर्णांक दोन व्होल्ट, आणि खालची एक हद्द. चौघांवर सर्किटची एक छोटी पट्टी नजर ठेवते. भरताना जो सेल आधी वरच्या हद्दीला पोचला त्याच्यासाठी पट्टी चार्ज थांबवते, बाकीचे अर्धवट राहिले तरी. वापरताना जो आधी तळाला गेला त्याच्यासाठी सगळा दिवा बंद करते, बाकीच्यांत शिल्लक असलं तरी. जुन्या बत्तीतला सेल हलका झाला तर बत्ती पिवळी व्हायची. हा मागं पडला तर पट्टी सगळ्यांना थांबवते. पट्टीत बरोबरी करायची सोय असते, भरलेल्या सेलमधलं थोडंथोडं ती उष्णता करून टाकते. पण फरक मोठा झाला की तिला ते जमत नाही.

त्यानं चारही मोजले. तीन जवळजवळ सारखे, एक बराच खाली.

"मेला का?" मी विचारलं.

"नाही, मागे पडला. खूप खाली गेला असता किंवा फुगला असता तर हातच नसता लावला. याला वेगळं चार्ज द्यायचं, चार पूर्णांक दोनवर बांधून. करंट कमी. घाई नाही करायची. आणि टेबल सोडून जायचं नाही." त्याला गाडी गाठायची होती. त्यानं तारा कुठं लावायच्या ते दाखवलं, वाळूची बादली माझ्या पायाशी सरकवली आणि गेला.

मी दिवसभर त्या पॅकसमोर बसले. हलक्या सेलचा आकडा चढत होता, शेवटचा अंक बदलायला वेळ लागत होता. वर पोचल्यावर सोडून दिला, थोडा वेळ विसावू दिला, तर पुन्हा जरासा उतरला. पुन्हा लावला. मग बाकीचे तीनही एकेक करून त्याच रेषेला आणले. शेवटी चारही सेल शेवटच्या अंकापर्यंत सारखे दिसले. पट्टी बसवली, दिवा पेटवून ठेवला आणि उतरताना पुन्हा मोजलं. चौघं बरोबरीनं उतरत होते. मी झाकण लावलं. समाधान वाटलं का, असं मला नंतर मुलीनं विचारलं होतं. वाटलं असावं. मी डोकं टेबलावर ठेवून थोडा वेळ तशीच बसले.

घरी उशीर झाला. मामी अंबाडीची पानं खुडत होती.

"काऊन उशीर?"

मी सांगितलं. चार सेल, एक मागं पडलेला, दिवसभर बसावं लागलं.

"मंग? आता बरोबर हाये का?"

"हो. सगळे सारखे."

तिनं पानं टोपल्यात टाकली. मग, काही संबंध नसताना, म्हणाली, "तू त्याच्या मयतीले रडली नाईस."

"नाही."

"लोकं म्हणत, सून दगडाची हाये."

"तुमच्याबद्दलही तेच म्हणत होते."

"हाव. मले माहीत होतं." तिनं एक देठ मोडला. "मी थांबवलं होतं. म्हटलं, आपण पडलो तं हे पडन. हे पडली तं त्या लहान पोरीले कोण पाह्यन? मंग थांबवता थांबवता तसंच राह्यलं. तू बी थांबवलं होतं ना?"

मला हो म्हणता आलं असतं. ते ऐकायला तिला बरं वाटलं असतं. पण इतक्या वर्षांनी तिनं विचारलं होतं, म्हणून मी खरं सांगितलं. "मी काही थांबवलं नाही, मामी. मला आलंच नाही."

"अजून नाई?"

"नाही."

मला वाटलं ती उठून जाईल. तिनं टोपलं माझ्याकडे सरकवलं.

"नाई आलं तरी चालते," ती म्हणाली. "काही जणाले नाई येत. मुही माय तशीच होती." आणि ती मला तिच्या आईबद्दल सांगायला लागली. महापुरात वाहून गेलेल्या आपल्या भावाबद्दल, आणि आई दुसऱ्याच दिवशी शेतात धानाच्या रोवणीला गेली त्याबद्दल. मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही अंबाडी खुडत बसलो. मुलगी कॉलेजातून आली तेव्हा भातही टाकलेला नव्हता, तर तिनं टाकला.

त्यानंतर दोन-तीन वर्षं आम्ही तिघी त्या क्वार्टरमध्ये राहिलो आणि घरात बोलणं वाढलं. फार नाही. मामी उन्हाळ्यात गावाला जायची, धाकट्या मुलाकडे. त्याचा राग तोवर निवला होता आणि तो तिला न्यायला यायचा, माझ्या हातचा चहा घ्यायचा. अशाच एका उन्हाळ्याच्या शेवटी ती गावीच वारली. आजारी नव्हती. दुपारी बाजेवर पडली आणि उठली नाही.

फोन वर्कशॉपमध्ये आला. मी हातातलं काम संपवलं, नागपूरला पुढं शिकायला गेलेल्या मुलीच्या होस्टेलवर निरोप दिला आणि गाडी धरली. गाडी वाटेत बिघडली, आणि गावात पोचले तेव्हा मुलगी माझ्या आधी पोचली होती. ती अंगणात बसून रडत होती. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, नाक गळत होतं तरी पुसत नव्हती. गावातली एक म्हातारी तिला गप्प करायला पाहत होती.

"राहू द्या," मी म्हटलं. "रडू द्या तिला."

मी तिच्याजवळ बसले. तिनं माझ्या मांडीवर डोकं टाकलं आणि अजूनच मोठ्यानं रडायला लागली. माझ्या डोळ्यांत काही आलं नाही. पण मला तो आवाज ऐकायला बरा वाटत होता आणि तो लवकर थांबू नये असं वाटत होतं.

सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी चंद्रपूरच्या बसनं निघालो. मूलला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीखाली एक बाई पळसाच्या द्रोणात जांभळं विकत होती, वर मीठ टाकून. मुलीनं दोन द्रोण घेतले. आम्ही ती खात राहिलो आणि बिया खिडकीबाहेर टाकत राहिलो. गाडी सुटल्यावर तिनं जीभ बाहेर काढून मला दाखवली, सुजलेल्या डोळ्यांनी, जांभळी झाली का ते विचारायला. मी म्हटलं, झाली, माझी पाहा.